आप्पांचं 'एव्हर'

आमच्या आप्पांना अमेरिकेचं नागरिक व्हायचंय, कारण त्यांना पारोळा तालुक्यात निवांत राहायचंय.

हे कुणाला उफराटं वाटत असेल तर त्याने ग्रीन कार्ड बाळगून बघावं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की तुम्ही खरंच अमेरिकेत राहता का, अशी शंका घेतली जाते. म्हणून गेली पाच वर्षं आप्पा आणि माय कापूस वेचणीला गावी येतात आणि गहू सोंगून झाला की न्यू जर्सीला परततात. उभा गहू टाकून जाणं आप्पांच्या लेखी पापच. नागरिक झालं, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढलं, की गावात हवं तितकं राहता येतं. फक्त इथे मत देता येत नाही आणि नवी शेतजमीन घेता येत नाही. "आहे ती कसायला माणूस मिळत नाही," म्हणून जमिनीचं आप्पांनी सोडून दिलं. मतदानाचं ऐकून मात्र ते दोन दिवस गप्प होते.

फॉर्मचं नाव एन-400. डिसेंबरात मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. अंगणात माय कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होती, त्यामुळे पहिलं पान धुरातच भरलं गेलं.

जन्मतारीख? दोघांचीही 1 जून. आमच्याकडची ती अख्खी पिढीच शाळेच्या मास्तरांनी 1 जूनला जन्माला घातलेली. माय खरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, पण पोळ्याला त्या फॉर्मात रकाना नाही. याआधी वापरलेली नावं? मायचं माहेरचं नाव वेगळं, आडनाव वेगळं आणि लग्नात तांदळावर लिहिलेलं तिसरंच. एका बाईची इतकी नावं बघून तिकडचा अधिकारी काय समजेल, या काळजीने मी घोटभर पाणी प्यायलो.

मग पाच वर्षांतल्या सगळ्या प्रवासांच्या तारखा. या पाच वर्षांतले निदान 30 महिने तिकडे काढलेले दिसावे लागतात.

"आप्पा, दोन वर्षांपूर्वी कधी आलात?"

"सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या आधी."

"आणि गेलात?"

"गारपीट झाली ना, तिच्या चौथ्या दिवशी."

शेवटी पासपोर्टावरचे शिक्के भिंगाखाली धरले. भिंग आप्पांचंच, कापसाचा धागा बघायचं.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी सोबत चालूच होती. वय 55च्या वर आणि ग्रीन कार्ड 15 वर्षांचं असेल तर इंग्रजी माफ, बाकीचे प्रश्न आपल्या भाषेत. "मग दहा वर्षं थांबू," आप्पा म्हणाले. ते आत्ता 71 वर्षांचे आहेत. अमेरिकेच्या घटनेत आजवर 27 दुरुस्त्या झाल्या, हे पाठ करताना त्यांनी विचारलं, "आणि आपल्या?" 2023पर्यंत 106, म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. फी माणशी 710 डॉलर, तीही ऑनलाइन भरली तर. आप्पांनी डॉलरचे रुपये केले, रुपयांचा कापूस केला आणि दोघांचा मिळून पंधरा-सोळा क्विंटल भरल्यावर पुन्हा गप्प झाले.

खरी कसोटी शेवटच्या पानांवर होती. तिथे बऱ्याच प्रश्नांत 'एव्हर' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलाय. एव्हर म्हणजे आयुष्यात कधीही. साधा माणूस सरळ 'नाही, नाही' करत सुटतो. आप्पा माळकरी.

कम्युनिस्ट पक्षाशी कुठल्याही प्रकारचा संबंध? "धुळ्याहून येताना एकदा एसटीत लाल बावटेवाले होते. त्यांनी मला जागा दिली." शस्त्रांचं प्रशिक्षण? "घेतलं. अमळनेरला प्रताप कॉलेजात, एनसीसी. पाच गोळ्या मारल्या, एकही लागली नाही." हे सगळं लिहावंच असा त्यांचा आग्रह.

"बेकायदा जुगार?" मी वाचलं आणि 'नाही'वर टिचकी मारायला बोट नेलं.

"थांब," आप्पा म्हणाले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, हे सगळ्या खान्देशाला ठाऊक आहे. आप्पाही बसले होते, लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला. पैसे संपले, तेव्हा मनगटावरचं घड्याळ लावलं आणि तेही गेलं.

अंगणातला वांगी उलटण्याचा आवाज बंद झाला. ते घड्याळ मोटार काढताना विहिरीत पडलं, असं मायला सांगण्यात आलं होतं. त्यापायी दोन उन्हाळे विहिरीचा गाळ उपसला होता. दुसऱ्या वर्षी तर मायने स्वतः गाळ चाळणीने चाळला होता. आप्पा शेजारी उभे राहून "नीट बघ" म्हणत होते.

माय हातातल्या चिमट्यासकट ओट्यावर आली. आप्पांकडे तिने पाहिलंच नाही. लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट करून मला म्हणाली,

"लिख त्याम्हा. एचएमटीनी घडी व्हती. मना बापनी देयेल."