पुस्तकात असं नव्हतं : दंड १० रुपये

आमच्या टीव्हीशेजारी बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली आणि वर लेकीच्या लहानपणच्या अक्षरात लिहिलंय 'आईचा दंड'. नियम सोपा. सिनेमा किंवा सिरीयल चालू असताना माझ्या तोंडून "पुस्तकात असं नव्हतं" हे वाक्य बाहेर पडलं की १० रुपये. नुसता सुस्कारा टाकला तर ५. सुस्काऱ्याचं कलम नंतर घातलं, कारण पहिल्या दंडानंतर मी बोलायचं बंद करून फक्त सुस्कारे टाकायला लागले होते आणि सासूबाईंना वाटलं मला दमा झाला.

डब्याचा जन्म २०१२ च्या जानेवारीतला. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर सुजय डहाकेने काढलेला सिनेमा लागला होता आणि मी सगळ्या घराला ओढून थेटरात नेलं. कादंबरी माझी तीनदा वाचून झालेली. नवऱ्याने अथपासून इतिपर्यंत वाचलेलं शेवटचं पुस्तक म्हणजे इन्व्हर्टरचं मॅन्युअल, त्यामुळे त्याला काय, तो मजेत समोसा खात बसला होता. इकडे माझ्या जीवाची नुसती घालमेल. म्हणजे बघा, पुस्तकात तो नववीतला जोशी पहिल्या पानापासून आपल्या कानाशी लागलेला असतो, सुऱ्या, चित्रे, फावड्या, नरूमामा, आणीबाणी, सरांच्या तऱ्हा, सगळ्यावर त्याची अखंड बडबड, आणि मजा त्या बडबडीतच आहे, आणि पडद्यावर तोच जोशी गप्प उभा राहून शिरोडकरकडे बघतोय आणि आपण त्याच्या डोळ्यांवरून काय ते ओळखायचं. मुलाने काम छान केलं होतं, सिनेमाही चांगला होता, त्याला पुढे नॅशनल अवॉर्डही मिळालं, पण मी काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. मी जोशीची राहिलेली वाक्यं नवऱ्याच्या कानात पुरवायला लागले. इंटरव्हलच्या आधी पुढच्या रांगेतला एक कॉलेजचा पोरगा मागे वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, तुम्ही सिनेमा बघितलाय का आधी?" म्हटलं, "नाही रे, पुस्तक वाचलंय." तर म्हणे, "मग आम्हालापण वाचू द्या ना."

त्या 'काकू'चा राग वेगळाच.

घरी आल्यावर खरी मजा झाली. मी तावातावाने म्हटलं, केतकी माटेगावकर गोड आहे, प्रश्नच नाही, पण शिरोडकर अशी नाहीच. तिचा पुढचा दात जरासा तुटलेला आहे आणि हसताना ती वरचा ओठ खाली ओढून घेते, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. नवरा म्हणाला, दाखव. तो असा कधीच म्हणत नाही, पण त्या दिवशी दोन समोसे खाऊन त्याला बळ आलं होतं. मी कपाटातून पुस्तक काढलं, उभ्यानेच शोधायला लागले, मग बसले, मग आडवी झाले, रात्रीचा एक वाजला, अख्खं पुस्तक चौथ्यांदा वाचून होत आलं पण दात काही सापडेना. तुटलेला नाही, पुढे आलेला नाही, कुठल्याच दाताचा उल्लेख नाही!

मग अंधारात पडल्यापडल्या आठवलं. तो दात आमच्या वर्गातल्या एका मुलीचा होता. लंगडी खेळताना सिमेंटच्या पायरीवर पडून तिने तो तोडून घेतला होता आणि नंतर वर्षभर ती तसंच ओठ ओढून हसायची. मी पुस्तक वाचताना शिरोडकरला बिनदिक्कत तिचा चेहरा देऊन टाकला होता, बोकिलांना न विचारता.

सकाळी कबूल करून टाकलं. घरच्यांनी मिळून दंडाचा डबा काढला तो त्याच दिवशी.

एकदा हे भूत मानगुटीवर बसल्यावर मी आयुष्यभर वाचलेली सगळी पुस्तकं तपासायला घेतली आणि जे निघालं ते कुणाला सांगू नये असं आहे. माझं आजोळ वाईजवळ. दगडी पायऱ्या, ओटी, मधे चौक, डावीकडे स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर, वर माडी आणि परसात एक पेरूचं झाड. तर मी वाचलेली झाडून सगळी पुस्तकं या एका वाड्यात घडलेली आहेत. 'स्वामी'तला शनिवारवाडा म्हणजे आमचा वाडा. राघोबादादा ज्या माडीवर अस्वस्थपणे येरझाऱ्या घालायचे त्या माडीवर मामी उन्हाळ्यात पापड वाळत घालायची, म्हणून माझ्या डोक्यातले राघोबादादा नेहमी जपून चालतात. 'श्यामची आई'तलं घर तेच, फक्त जरा गरीब करून घेतलेलं. 'गारंबीचा बापू' सगळा कोकणातला, पोफळी काय, समुद्र काय, पण मी लहानपणी समुद्र बघितलेलाच नव्हता, मग पोफळीच्या बागेच्या जागी तो एक पेरू आणि समुद्राच्या जागी कृष्णा नदी, तीही मे महिन्यातली, घोट्याएवढ्या पाण्याची. एका रशियन कादंबरीच्या अनुवादात बर्फ पडत होता तो आमच्या ओटीवर पडला आणि त्या उमरावाची घोडागाडी तुळशीवृंदावनाला वळसा घालून आली.

म्हणजे एखाद्या कादंबरीवर सिनेमा येतो तेव्हा माझी तक्रार दिग्दर्शकाने पुस्तक बदललं ही नसतेच. त्याने शूटिंग माझ्या मामाच्या घरी केलं नाही, ही असते. आता हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं? आमचा सिनेमा त्याच्या आधी काढून झालेला असतो, एका पैशाचा खर्च न करता, सगळी पात्रं नात्यातली आणि वर्गातली, आणि मग हा मागाहून येऊन आपली माणसं आत घुसवतो. आणि घुसतात ती कायमची. पागडीचा भाडेकरू एकवेळ निघेल, पण पडद्यावर बघितलेला चेहरा पुस्तकातून निघत नाही.

आता यातही गंमत अशी की सगळा खेळ आधी कोण आलं याचा आहे. चि. वि. जोश्यांचा चिमणराव मला आधी टीव्हीवर भेटला, पुस्तकात नंतर. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आमच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून शेजारच्यांच्या दारात चपला काढून अख्खी आळी बसायची. पुढे पुस्तक हातात आलं तर प्रत्येक वाक्य प्रभावळकरांच्या आवाजात ऐकू यायला लागलं, आजही येतं, आणि मला काडीचीही तक्रार नाही. पण माझे बाबा! त्यांनी पुस्तकं शाळेत असताना वाचलेली. सिरीयल चालू असताना ते मान हलवत म्हणायचे, "छे, छे, चिमणराव असा नाही." कसा मग, विचारलं तर सांगता यायचं नाही. आता संशय येतो की त्यांच्याही डोक्यात कुणीतरी मामा असणार, पण विचारायला ते नाहीत आणि त्या काळी डबाही नव्हता, नाहीतर बाबा कंगाल झाले असते.

आईचं उलट. तिला सिरीयलनेच जिंकलं होतं. 'स्वामी' लागायची तेव्हा रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल रमाबाई, आणि आई पदर डोळ्याला लावूनच बसायची. आम्ही नंतर एकदा थेऊरला गेलो, चिंतामणीचं दर्शन झालं, मग नदीकाठी समाधीपाशी गेलो. माधवराव १७७२ साली तिथे गेले, अवघे २७ वर्षांचे. मी हे सगळं गंभीरपणे सांगतेय तर आईने हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाली, "काय गं, मंकणींनी किती सोसलं!" आजूबाजूचे दोन भाविक वळून बघायला लागले, त्यांना वाटलं हिच्या घरातलं कुणी गेलं.

डब्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाद 'सिंहासन'वरून झाला. जब्बार पटेलांचा १९७९ चा सिनेमा, घरी बसून बघत होतो, अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू विश्वासराव दाभाडे, आणि नेहमी पाटलाच्या भूमिकेत दरारा निर्माण करणारे निळू फुले इथे खांद्याला झोळी अडकवून पत्रकार दिगू टिपणीस. मी दोनदा "पुस्तकात असं नाही" म्हणून २० रुपये भरले. मग माझ्याच लक्षात आलं की हा सिनेमा अरुण साधूंच्या एका नाही तर दोन कादंबऱ्यांवर आहे, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक', तेंडुलकरांनी दोन्ही एकत्र कालवून पटकथा लिहिली, आणि मी ज्या पुस्तकात नाही म्हणत होते ते दुसऱ्यात असू शकत होतं. मी रिफंड मागितला. म्हटलं, आरोपच चुकीच्या पुस्तकावर झालाय, दंड रद्द. लेक तोपर्यंत मोठी झाली होती, ती म्हणाली, "आई, दोन पुस्तकं म्हणजे दंड डबल व्हायला पाहिजे, तू गप्प बस." पण एक सांगते, दिगू टिपणीसला मी माझा चेहरा दिलाच नव्हता, निळू फुलेंनी तो जो बळकावला तो बळकावला, आणि तो त्यांच्याकडेच राहू दे.

चेहऱ्यापेक्षा वाईट असतं गाणं. आनंद यादवांची 'नटरंग' मी सिनेमानंतर परत वाचायला घेतली, ही माझी चूक. गुणाची घालमेल काय, गरिबी काय, पहिलवानी शरीरयष्टीच्या माणसावर नाच्या व्हायची वेळ येते त्याची कुतरओढ काय, वाचताना पोटात तुटतं, आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यात अजय-अतुल सुरू. पान उलटलं की ढोलकी. मी पुस्तक मिटलं, भांडी घासली, परत उघडलं, परत ढोलकी. वाजले किती ते बघायला घड्याळाकडे बघायचीसुद्धा चोरी!

आणि मुखपृष्ठं! 'दुनियादारी'चा सिनेमा २०१३ मध्ये आला, सुहास शिरवळकर ऊर्फ सुशिंचे जुने वाचक आणि नवीन पोरं यांच्यात बरीच हमरीतुमरी झाली (माझा भाऊ जुन्यांपैकी, त्याच्यासमोर तो विषय अजूनही काढायचा नाही). भाच्याला मूळ कादंबरी भेट द्यायची म्हणून मी पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकात एका दुकानात मागितली. दुकानदार म्हणाला, "पिक्चरवाली ना?" म्हटलं, नाही हो, पुस्तकवाली. तो म्हणाला, "मॅडम, पुस्तक एकच आहे, आतली अक्षरं तीच, दिग्या तोच." बरोबरच होतं त्याचं, पण मला कव्हरवर हिरो-हिरोईन नको असतात, आपण वाचायला बसलो की ते वरून बघत बसतात, संकोच होतो. असंच सिनेमाच्या फोटोचं एक पुस्तक माझ्याकडे नाइलाजाने आलं होतं, त्याला मी शाळेत घालायचे तसं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. नीट घडी घालून, कोपरे मुडपून उलटं करून बघते तर मागे दागिन्यांची पानभर जाहिरात आणि जाहिरातीत तीच हिरोईन, हसतेय. सुस्कारा, ५ रुपये.

तर अशी सगळी कहाणी, आणि परवा मामीचा फोन आला. "अगं, आपल्या वाड्यात शूटिंग आहे!" वाईकडे हे नवीन नाही, मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालेलं, वाईतल्या पोरांना व्हॅनिटी व्हॅन म्हणजे एसटीइतकीच ओळखीची, पण आमच्या वाड्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. कुठलीतरी सिरीयल होती. दहा दिवस राहिले, मामीच्या म्हणण्याप्रमाणे माणसं चांगली होती, फक्त कपबश्या नेल्या त्यातल्या सहा परत आल्या नाहीत आणि माडीवर ठेवलेले पापड कुणीतरी तळून खाल्ले.

मी आठवडाभर आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं. ज्या वाड्यात मी पेशवाई चालवली, कोकण वसवलं, रशियात बर्फ पाडला, तो वाडा शेवटी एकदाचा पडद्यावर येणार. बरं, सिरीयल कुठल्या पुस्तकावर नाही, म्हणजे दंडाची भीती नाही. रात्री साडेआठला सगळे जेवणं उरकून बसलो.

दार उघडलं आणि आतला वाडा कुणाचा तरी दुसऱ्याचाच. भिंती केशरी. तुळशीवृंदावन ओटीसमोर आणून ठेवलेलं, आणि ते थर्माकोलचं असावं कारण सुनेचा पदर लागला तर ते हललं. डावीकडे स्वयंपाकघर होतं तिथे झोपाळा. न्हाणीघरात व्हिलन, तो तिथे फोनवर कट रचत होता. पेरू कुठेच नाही. मी दातावर दात दाबून बसले होते, सगळे माझ्याकडेच बघत होते, टीव्हीकडे कुणीच नाही. आणि मग ती सून पायऱ्या उतरायला लागली, उतरतेय, उतरतेय, आणि मी ओरडलेच, "आपल्या वाड्याला पाचच पायऱ्या आहेत!"

नवऱ्याने डबा उचलला. मी म्हटलं, "यात पुस्तकाचा काय संबंध?" लेक म्हणाली, "मुद्दा तोच आहे." सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "थांबा रे, लग्न ठरवायला आपण गेलो होतो तेव्हा मी त्या पायऱ्या चढलेय, माझे गुडघे तेव्हाही दुखत होते, सात आहेत सात." म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, सात. नवऱ्याने टीव्ही मागे नेला, पॉज केला आणि आम्ही चौघं टीव्हीला नाक लावून पायऱ्या मोजायला लागलो. सहा भरल्या. सून लगबगीने उतरत होती म्हणून एक नक्की राहिली असेल असं सासूबाईंचं म्हणणं. मामीला फोन लावला तर ती म्हणाली, "पायऱ्या कसल्या मोजताय, ते कप बघा, आपलेच आहेत का?"

मी पर्समधून पन्नासची नोट काढून डब्यात टाकली. आठवड्यात अजून पाच एपिसोड आहेत.