पाचशे शब्द पाठ करून काय होतं?

नोकरीच्या मुलाखतीतल्या इंग्रजीवरचा लेख वाचला. 'मुलाखतीआधी पाचशे भारदस्त इंग्रजी शब्द पाठ करा' हा त्यातला सल्ला मला अजिबात पटला नाही. मराठी माध्यमातून डिप्लोमा करून मी चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा 'सिनर्जी', 'लेव्हरेज' सगळं तोंडपाठ होतं. समोरच्यांनी एवढंच विचारलं, "ट्रेनिंगमध्ये एखादा पार्ट रिजेक्ट झाला असेल, तर का झाला ते सांगा." कारण मला नीट माहीत होतं, टूल झिजून पार्टचं माप टॉलरन्सबाहेर, म्हणजे मापात चालतो तेवढ्या फरकाबाहेर गेलं होतं. पण झिजण्याला 'वेअर' म्हणतात हेच आठवेना आणि मी गप्प बसलो. ती नोकरी हातची गेली. नंतर मी रोजच्या कामाची पाच-सहा वाक्यं इंग्रजीत लिहून मोठ्याने म्हणायला लागलो, त्याचा खरा उपयोग झाला.

शिवाय लेखात एक गोष्ट राहिलीच. आपल्याकडचं इंग्रजी परदेशी माणसाला वेगळं ऐकू येतं. '२०१९ पास्ड आउट' म्हटलं की त्याच्या लेखी माणूस बेशुद्ध पडलेला असतो, आणि 'आय हॅव अ डाउट' म्हणजे शंका विचारणं नव्हे तर अविश्वास दाखवणं. तिथे 'ग्रॅज्युएटेड' आणि 'क्वेश्चन' हे साधे शब्दच हवेत. लाख-कोटीचंही तसंच. दहा लाख म्हणजे एक मिलियन, हे परदेशी ग्राहकाशी बोलताना पटकन जमलं पाहिजे. लेखकांनी पुढच्या भागात अशा शब्दांवर जरूर लिहावं, गावाकडच्या मुलांना त्याची फार गरज आहे.