लग्नाचं शूटिंग ठरवताय? आधी आवाजाचं विचारा

काल मामेबहिणीचा फोन आला. तुळशीची लग्नं झाली की तिच्या मुलाची तिथी धरायची आहे. कार्यालय बघून झालं, आचारी ठरला, आणि मग म्हणाली, "ताई, फोटोवाला घेतोच आहे, व्हिडिओ शूटिंग नको म्हणतोय आम्ही. मोबाइल आहेत की प्रत्येकाच्या हातात. एवढे पैसे घालून नंतर बघतंय कोण?" फोनवर तिला सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी जरूर वाचा.

माझं लग्न 1997 चं. माहेर सांगलीत, गावभागात. हळदीच्या दिवशी सकाळी सोप्यात जातं मांडलं होतं. पाच सवाष्णी हळद दळत होत्या आणि आजी ओव्या म्हणत होती. आपली सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे हळकुंडं अण्णांनी स्वतः पारखून आणलेली. आजी ओवीत एकेकाचं नाव गुंफायची. मामा, मावशी, सासरची नवी माणसं, सगळी. माझा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. आजीनं त्याचंही नाव घेतलं. जात्याचा खुंटा धरलेले हात थांबले, काकूनं पदर डोळ्याला लावला, आणि आजीनंच पुढची ओवी उचलून जातं परत फिरवायला लावलं. हे सगळं कॅसेटवर होतं. एकजण खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन आणि एक पोरगा हॅलोजन धरून, असं ते शूटिंग होतं.

ती व्हीएचएस कॅसेट माहेरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. आज देऊ, उद्या देऊ म्हणत डिस्कवर उतरवून घ्यायची राहून गेली. घरातला व्हीसीआर बिघडला. तो दुरुस्त करणारे कमी होत गेले, आणि 2016 च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणंच बंद केलं. मग 2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांवर गेली की आपण धोक्याची पातळी म्हणतो. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. घर आठवडाभर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर भावानं कॅसेट उघडली तर फितीच्या वेढ्यांमध्ये गाळ बसून सगळा एकच गोळा झाला होता. आजी 2004 मध्येच गेली होती. तिचा आवाज या जगात त्या एकाच फितीवर होता.

आजीचे फोटो आहेत. दुसऱ्यांच्या अल्बममधून मिळाले, मोठे करून घेतले. आवाज मात्र कुणाकडेच मिळाला नाही. म्हणून मी ठामपणे सांगते, शूटिंग करा, चांगल्या माणसाकडून करा, आणि त्याला पहिला प्रश्न आवाजाचा विचारा.

आता मोबाइलचं. मोबाइल जवळचा आणि मोठा आवाज आधी पकडतो. अंतरपाट धरलाय, भटजी मंगलाष्टका म्हणतायत, आणि मोबाइल धरणारी आपली भाची शेजारणीशी बोलतेय. रेकॉर्ड होतं ते बोलणं. शिवाय कुणी अर्धा मिनिट घेतं, कुणी वीस सेकंद, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना दर्जा आणखी घसरतो, आणि वर्षभरात फोन बदलला की तेही जातं. सलग लग्न एकाकडेही नसतं.

पण "प्रोफेशनल" म्हटलं की झालं, असंही नाही. भावाच्या मुलाच्या लग्नात आम्ही मोठी टीम बोलावली होती. क्रेन, गिंबल, ड्रोन, सगळं. हळदीला आई ओव्या म्हणायला बसली. आजीच्याच चालीतल्या. मी निश्चिंत होते की या वेळी तरी राहील. चार महिन्यांनी पेनड्राइव्ह आला. हळदीचा भाग लागला आणि त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाचं गाणं. आईचे ओठ हलताना दिसतात, जातं फिरताना दिसतं, हळदीची पूड हळू हळू खाली पडते, फार सुंदर दिसतं. ऐकू काही येत नाही. भावानं मूळ फुटेज मागितलं तर उत्तर आलं, "हार्डडिस्कला जागा नव्हती, डिलीट केलं." त्या रात्री आई काही बोलली नाही, पण ती क्लिप तिनं परत कधी लावायला सांगितली नाही.

जागेची अडचण खोटी नसते, हे मला नंतर कळलं. फोर-के शूटिंग 100 एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट या वेगानं केलं, तर तासाला 45 जीबी लागतात. दोन कॅमेरे आठ तास चालले की 720 जीबी. तिथी दाट असली की त्यांच्याकडे महिन्याला अशी कितीतरी कार्यं असतात. म्हणून इसार देतानाच आपली स्वतःची हार्डडिस्क त्यांच्या हातात द्यावी, आणि मूळ फुटेज त्यात भरून हवं हे कागदावर लिहून घ्यावं. हे मागताना संकोच करू नका. आपण पैसे देऊन करून घेतलेल्या फोटोची आणि फिल्मची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचीच असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमात ते आहे. फक्त सही करण्याआधी त्यांच्या कागदावर उलट काही लिहिलेलं नाही ना, ते वाचा. आणि घरी आणल्यावर एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. आमच्या घरात 2021 मध्ये परत पाणी आलं होतं, त्यामुळे हे मी अगदी कळवळून सांगते.

गेल्या वैशाखात लेकीचं लग्न झालं. या वेळी मिरजेच्या एका मुलाला भेटले. त्यानं नमुन्याची तीन मिनिटांची झगमगीत फिल्म लावली. मी म्हटलं, "हे छान आहे रे, पण मला एखाद्या लग्नातल्या पूर्ण मंगलाष्टका ऐकव." त्यानं लावल्या. शब्द न् शब्द कळत होता. विचारलं तर म्हणाला, "काकू, कार्यालयाच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतो, आणि भटजींच्या उपरण्याला वेगळा माईक लावतो. एक बंद पडला तर दुसरा असतो." मी तिथंच इसार दिला. आणखी एकच खात्री केली, की लग्नाला तो स्वतः येणार. दाट तिथीला काम एक घेतो आणि पाठवतो दुसऱ्यालाच, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या दुसऱ्याला आपल्या घरातली माणसं कोण, कानपिळीला नवरीचा भाऊ कुठल्या बाजूनं येणार, काहीच माहीत नसतं. हा मुलगा आदल्या आठवड्यात घरी येऊन गेला. आईजवळ बसला, ओव्या किती वेळ चालतात ते विचारून घेतलं.

ड्रोनबद्दल थोडकंच. पैसे घेऊन ड्रोन उडवणाऱ्याकडे रीतसर परवाने लागतात, ते विचारा. आमच्याकडे ड्रोन नव्हता आणि कुणाला उणीव जाणवली नाही.

आपलंही काही काम असतं. ही मुलं पहाटेपासून उभी असतात आणि पंगतीला शेवटी बसतात, तेव्हा बासुंदी संपलेली असते. त्यांना पहिल्या पंगतीत बसवा. आणि अंतरपाट दूर होताना कॅमेऱ्यापुढे मोबाइलचे हात वर करू नका. लेकीच्या लग्नात माझ्या दिरांनी माईकवरून तशी विनंती केली आणि लोकांनी ऐकलं.

हळदीच्या सकाळी त्या मुलानं आईच्या पदराआड छोटा माईक लावला. बँडवाल्यांना तेवढा वेळ थांबायला सांगितलं. पंखा घरघर करत होता, तोही बंद करायला लावला. वैशाखातला उकाडा, सगळ्या बायका घामाघूम, पण कुणी कुरकुरलं नाही. आई अकरा मिनिटं म्हणत होती. तिनं आजीचं नाव घेतलं, अण्णांचं घेतलं, त्या चुलतभावाचंही घेतलं.

त्या ओव्यांचा पूर्ण आवाज, वर कुठलंही गाणं न घालता, आता आमच्याकडे आहे. परवा आईला ऐकवला. जात्याची घरघर, बांगड्या, मध्येच कुणीतरी "पाणी आण गं" म्हणतंय. आई मान खाली घालून ऐकत होती. एका ओवीला तिनं हात वर केला. "थांबव. इथं मी चुकले, आई हे असं म्हणायची नाही." आणि तिनं ती ओवी बरोबर म्हणून दाखवली. मी मोबाइल चालू केला आणि तिच्या अगदी जवळ धरला.