कुकर आणि काचेच्या पेटीवर टिश्यू कल्चर लॅब होत नाही

सटाणा-देवळ्याकडच्या शेतकरी ग्रुपवर मेसेज फिरतोय की घरातली एक खोली, प्रेशर कुकर, काचेची पेटी आणि यूव्ही लाइट एवढ्यावर डाळिंबाची टिश्यू कल्चर लॅब (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं तयार करायची जागा) सुरू होते, आणि त्या रोपांना तेल्या (डाळिंबावरचा बॅक्टेरियाचा रोग) येतच नाही. पोरं यात घरचे पैसे घालायला निघालीत म्हणून लिहितोय.

कुकरचं अर्धं खरंय. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या लॅबच्या यंत्रात) पण 15 पौंड प्रेशरला 121 अंशावर 15-20 मिनिटंच ठेवतात, चांगल्या कुकरात ते जमतं, पण धंद्याला लागतात शेकडो बाटल्या, त्या कुकरात कधी काढणार?

खरी गडबड पेटीत आहे. मीडियात (बाटलीत रोपाला दिलेल्या खाद्यात) लिटरला साधारण 30 ग्रॅम साखर असते, त्यामुळे बुरशीचा एक कण पडला तरी ती रोपाच्या आधी वाढते आणि बाटली गेलीच समजा. लॅमिनारमध्ये (लॅबमधल्या स्वच्छ हवेच्या टेबलावर) हेपा फिल्टरने, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीने, गाळलेली हवा सतत आतून आपल्याकडे येत राहते म्हणून खोलीतली धूळ आत शिरत नाही, पेटीत मात्र हात घातला की तीच हवा ढवळली जाते. यूव्हीचा उजेड थेट पडतो तेवढीच जागा साफ होते, आणि काम करताना तो बंदच ठेवायचा, डोळे आणि कातडी भाजते. बंद पेटीत स्पिरिट मारून दिवा लावू नका रे, भडका उडतो! मेसेजमध्ये अँटिबायोटिक वापरा म्हटलंय, ते पण कामाचं नाही, त्याने बुरशी मरत नाही आणि बॅक्टेरिया बऱ्याचदा नुसते दबून राहतात, पुढच्या सबकल्चरला (रोपं नव्या मीडियात हलवताना) वर येतात.

"कुठलीही खोली चालते" म्हणे. साधारण 25 अंश, रोज 16 तास उजेड, हे निफाडच्या थंडीत आणि मालेगावच्या मे महिन्यात सांभाळायचं म्हणजे एसी आला, लाइट गेली तर जनरेटर आला.

हार्डनिंगचा, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायचा, तर मेसेजमध्ये शब्दच नाही. बाटलीतली हवा दमट, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरत नाही, थेट उन्हात लावलं की रोप मान टाकतं. आधी कोकोपीटमध्ये दमट पॉलिहाऊस, मग शेडनेट, यात कित्येक आठवडे जातात आणि मर पण इथेच होते.

आणि तेल्या. रोप स्वच्छ निघालं म्हणून त्याला पुढे रोग होणार नाही असं नसतं, भगवा (डाळिंबाची जात) तो भगवाच, शेजारच्या बागेतून पावसाच्या थेंबांनी किंवा छाटणीच्या कात्रीने बॅक्टेरिया येणारच, फवारणी आणि कात्री निर्जंतुक करणं सुटत नाही.

लॅब टाकायचीच असेल तर आधी एखाद्या चालू लॅबमध्ये काही महिने लॅमिनारवर बसून काम शिका, मग खर्चाचा हिशोब मांडा.