‘भूक लागली की खाईल’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

लेकीच्या अ‍ॅनोरेक्सियावर, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडण्याच्या आजारावर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा डोकंच फिरलं, म्हणून चार दिवस गप्प बसलो. तुमचं म्हणणं असं, की नववीतल्या मुलीच्या ताटावर बापाने पहारा द्यायचा, मधल्या सुट्टीत डबा घेऊन शाळेत जायचं, हे एक तर फाजील लाड किंवा हुकूमशाही. दोन दिवस कोणी विचारू नका, भूक लागली की झक मारत खाईल. तुमची नातही हल्ली नीट जेवत नाही आणि सूनबाईंनाही तुम्ही हेच सांगितलंय.

या आजारात भूक मरते, असं आधी मला वाटायचं. पण ती पोटातून उठते आणि डोक्यात जाऊन बसते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, ते शोधण्यासाठी. या तरुणांना आजार कसलाच नव्हता. तरी ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले, इवलंसं जेवण तासन्‌तास पुरवू लागले, थंडीने कुडकुडू लागले. हे वाचलं आणि अंगावर काटा आला. आमची लेक रात्री अकराला पुरणपोळीचे व्हिडिओ बघायची, रविवारी आम्हाला करून वाढायची, वर सढळ हाताने तूप. स्वतः समोर ताकाचा पेला घेऊन बसायची. आम्ही म्हणायचो, सुगरण आहे हो पोर!

त्या तरुणांपुढे अन्न आलं तेव्हा ते तुटून पडले. हिच्या आणि घासाच्या मध्ये भीती उभी असते आणि उपासमारीने ती भीती आणखी पक्की होते. म्हणून तुमचे ते दोन दिवस मला परवडत नाहीत.

‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ म्हणालात. लंडनचे डॉक्टर गल आणि पॅरिसचे लासेग यांनी १८७०च्या दशकातच या आजाराचं वर्णन करून ठेवलंय. आपल्याकडे तो उपासाआड छान लपतो, एवढंच. संकष्टी, दोन्ही एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार. नात धार्मिक झाली म्हणून आमच्या आईने तर देवापुढे साखर ठेवली होती.

पहारा ही माझी अक्कल नाही. ही पद्धत १९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडत गेली. ताटात काय आणि किती, हे काही काळ आई-वडिलांनी ठरवायचं, शेजारी बसायचं, घासाघीस करायची नाही. वजन सावरलं की एकेक जेवण पुन्हा तिच्या हाती. मी घास भरवत नाही. पहिल्या दिवशी एका पोळीला पाऊण तास लागला आणि तेवढ्या वेळात मी पेपरातलं शब्दकोडं तिला वाचून दाखवत होतो. ‘आडवा, चार अक्षरी, नदी.’ तिने उत्तर दिलं नाही, पण पोळी संपली.

हुकूमशाहीचा आरोप मात्र अर्धा मान्य. पहिल्या महिन्यात मी ताट आपटलंय, ‘आईचा जीव घेणारेस का?’ असंही बोललोय. लेखात ते गाळलं होतं. त्या रात्री ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

आणि एक विनंती. शेवटी कौतुकाने लिहिलंत, ‘आता पोरीची तब्येत सुधारली असेल.’ भेटलात तर हे तिला म्हणू नका. तुम्हाला म्हणायचं असतं ‘बरी झालीस’, तिला ऐकू येतं ‘जाड झालीस’. एका लग्नात आत्याच्या या एका वाक्याने आमचे तीन आठवडे पाण्यात गेले. शाळेचं विचारा, क्रिकेटचं विचारा.

आता तुमची नात. तिला सारखी थंडी वाजते का, उठताना चक्कर येते का, जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते का, हे बघा. पाळी थांबली आहे का, ते सूनबाई विचारतील. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्त राहू नका, बरेच दिवस ते चांगलेच येतात. वजन फार उतरलं असेल, तर घाबरून एकदम भरपूर खायलाही घालू नका. त्याने रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येऊन हृदयावर बेततं. आधी डॉक्टर. मानसोपचाराचं कुठे विचारायचं ते कळत नसेल, तर सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

आणि सूनबाई ताट घेऊन बसल्या असतील, तर आज तुम्हीही शेजारी पाट मांडा. शब्दकोडी मी पाठवतो.