बी.एड. आणि पहिली ते पाचवी : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

बी.एड.च्या सीईटीची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपवर असा संदेश फिरत आहे की, बी.एड.नंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम केला की पहिली ते पाचवीवरही शिक्षक म्हणून नेमणूक मिळते. ही माहिती चुकीची आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २८ जून २०१८ च्या अधिसूचनेत ती मुभा होती, आणि संदेशाचा मजकूर बहुधा तिथूनच उचललेला दिसतो. परंतु ही अधिसूचना रद्द करणारा राजस्थान उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी कायम केला. सेतू अभ्यासक्रम आहे तो या निकालापूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या आदेशानुसार. नव्याने अर्ज भरणाऱ्यांना तो लागू नाही. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो.

प्राथमिक वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड., आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक लागतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्यांनी पाठवला असेल त्यांनी हा खुलासा त्याच ग्रुपवर टाकावा, बी.एड.ची दोन वर्षे आणि फी खर्ची पडल्यानंतर ही गोष्ट कळून उपयोग नाही.