काका, सही करते. पण या मसुद्यावर नाही

काका, नमस्कार.

'पॉर्नवर सरसकट बंदी नको' या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून स्वतंत्रच लिहिते आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की हे व्हिडिओ बघूनच पोरं बिघडतात आणि बलात्कार होतात. बंदीसाठी सुप्रीम कोर्टात गेलेला वकील आपल्या इंदूरचा आणि त्याच्या विरोधात लिहिणारी बाईही इंदूरचीच, याचं त्यांना वाईट वाटतं. चीनला जमतं ते आपल्याला का जमू नये, असंही ते विचारतात. आणि शेवटी: "स्वतः बाई असून, शाळेत मुलांचं समुपदेशन करून, तुम्हाला हे लिहवतं कसं?" रामबागेतल्या ज्येष्ठ मंडळींच्या सह्या घेऊन ते सरकारला निवेदन देणार आहेत. त्यावर त्यांना माझीही सही हवी आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

मागे एक आई आणि मुलगी माझ्याकडे आल्या होत्या. (मुलीला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) मुलगी भंवरकुआंजवळ होस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. ज्याच्याशी लग्नाचं बोलणं चाललं होतं त्याच्याशी फिसकटलं, आणि त्याने दोघांमधला एक व्हिडिओ आधी तिच्या मैत्रिणींना पाठवला, मग कुठल्याशा ग्रुपवर टाकला. आईच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. तिच्यात आधारच्या झेरॉक्स, मुलीचे पासपोर्ट फोटो आणि त्या व्हिडिओतल्या दृश्यांचे रंगीत प्रिंट. ठाण्यात पुरावा कागदावर लागतो असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या बाईंनी झेरॉक्सच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून ते काढून घेतले होते, पाच रुपये पान या दराने. ठाण्यात तक्रार घेणाऱ्याने कागद एकेक करून पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. आणि मुलीला विचारलं, "वीडियो बनवाया ही क्यों?"

मला हे लिहवतं ते यामुळे, काका. त्या हवालदाराच्या डोक्यात आणि तुमच्या निवेदनात प्रश्न एकच आहे: हे चित्र घाणेरडं आहे की नाही? एकदा घाणेरडं ठरलं, की चित्रातली मुलगीही त्या घाणीतच जमा. ते पसरवायला तिची संमती होती का, हे विचारायचं कोणाला सुचतच नाही.

आपला कायदाही बराचसा याच वळणाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ बघा. लैंगिक कृत्य उघड दाखवणारा मजकूर प्रसिद्ध केला किंवा पाठवला, तर पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. या कलमात संमतीचा उल्लेखही नाही. शब्दशः लावलं तर स्वतःचा व्हिडिओ विश्वासाने एकाला पाठवणारी मुलगीही त्यात बसते. आता त्याच कायद्याचं ६६ई बघा. कोणाच्या खाजगी अवयवांचं चित्र तिच्या संमतीशिवाय काढलं किंवा पसरवलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे घाणीला पाच वर्षं आणि दगाबाजीला तीन. बरं, 'वीडियो बनवाया ही क्यों' याचं उत्तर कायद्यात २०१३ पासून आहे: बाईने चित्रीकरणाला हो म्हटलं असेल पण पसरवायला नाही, तर पसरवणं हा गुन्हाच. आज ते भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमात आहे. ठाण्यात ते त्या दिवशी कोणाला आठवलं नाही.

आता आपल्या इंदूरच्या वकिलांबद्दल. कमलेश वासवानी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. जुलै २०१५ मध्ये सरन्यायाधीश दत्तूंनी अंतरिम बंदीला नकार दिला. प्रौढ माणूस आपल्या खोलीत चार भिंतींआड काय बघतो त्यावर बंदी कशी घालायची, असा त्यांचा सवाल होता. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सरकारने ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली. त्या यादीत चक्क विनोदी मजकुराचं एक संकेतस्थळही होतं. ओरड झाली आणि चार दिवसांत आदेश ढिला पडला. मग २०१८ मध्ये डेहराडूनच्या एका शाळेतल्या भयंकर घटनेनंतर उत्तराखंड उच्च न्यायालयाने तीच यादी पुन्हा बाहेर काढली. सरकारने तपासली तर त्यातल्या ३० संकेतस्थळांवर तसलं काही नव्हतंच, म्हणून ८२७ बंद झाली. ती बंदी कागदावर आजही आहे, काका. तुम्ही जी मागताय ती बऱ्याच अंशी तुम्हाला आधीच मिळालेली आहे. ती कशी ओलांडायची हे मला नववीतल्या एका मुलाने समजावून सांगितलं, तेही 'मॅडम, इतकं पण येत नाही?' अशा सुरात.

तुमच्या तरुणपणी स्टेशनबाहेर पिवळी पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची. नंतर व्हिडिओ पार्लर आले, मग जेल रोडवर मेमरी कार्ड 'भरून' मिळायला लागलं, आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तशी दुकानाचीही गरज उरली नाही. यातली एकही पायरी बंदीने थांबलेली मला आठवत नाही. चीनचं म्हणाल, तर तिथली भिंत बातम्या आणि टीकाही अडवते. त्यातली फक्त आपल्या सोयीची वीट मागवता येत नाही. तो विषय इथेच सोडते.

बलात्काराचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही, आणि 'काही संबंधच नाही' असं मी मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. डेन्मार्कने १९६९ मध्ये असल्या चित्रांवरची बंदी उठवली. तिथे बलात्कारांचा पूर येईल अशी भीती होती, तो आला नाही. अमेरिकेत १९७० च्या सरकारी आयोगाला गुन्ह्यांशी संबंधाचा पुरावा सापडला नाही. १९८६ च्या दुसऱ्या आयोगाने हिंसक पॉर्नवर बरोबर उलट निष्कर्ष काढला. मला त्यातल्या त्यात पटतं ते नील मॅलमथ या मानसशास्त्रज्ञाचं काम. ज्या पुरुषांत आधीच बाईबद्दल वैर आणि आक्रमकता आहे, त्यांच्यात पॉर्न अति बघण्याने धोका वाढतो. बाकीच्यांत तसं दिसत नाही. म्हणजे आगीत तेल पडतं हे खरं, पण आग कुठून आली हे कोणी विचारायचं? 'लड़की की ना में हाँ होती है' हे पोरांना फोन हातात येण्याआधीच घरात, टपरीवर, थट्टामस्करीत शिकवलेलं असतं.

माझ्या खोलीत येणारी मुलं तर बहुतेक घाबरलेली असतात. आपल्याला रोग झालाय, आपण नासलो, आता लग्न होणार नाही, धातू गेली, स्मरणशक्ती गेली म्हणून पेपर खराब गेला. हा मुलगा आठवड्यातून दोनदा काहीतरी बघतो आणि उरलेले पाच दिवस स्वतःला शिव्या देतो. जागतिक आरोग्य संघटनेने लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याला आजारांच्या नव्या वर्गीकरणात जागा दिली आहे. पण त्याच वेळी अट घातली आहे, की नुसत्या नैतिक अपराधीपणातून आलेल्या त्रासावर हे निदान करायचं नाही. जोशुआ ग्रब्ज यांच्या संशोधनातही हेच दिसतं: 'मला व्यसन लागलंय' असं वाटणं हे किती बघितलं यापेक्षा त्याला किती पाप मानलं यावर जास्त ठरतं. खरोखर ताबा सुटलेली मुलंही येतात. झोप नाही, अभ्यास नाही, घरात खोटं बोलणं. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते, आणि त्यांच्या आईवडिलांना हात जोडून सांगते की पट्टा काढू नका.

आणि खरं नुकसान? ते आहे, आणि त्याबाबतीत मी तुमच्याहून कडक असेन. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या २०२३ च्या अहवालात पहिल्यांदा पॉर्न नजरेस पडण्याचं सरासरी वय १३ निघालं. आपल्याकडे याहून निराळं असेल असं मला माझ्या अनुभवावरून वाटत नाही. त्या वयाच्या मुलाला शरीराबद्दल दुसऱ्या कोणी काही सांगितलेलं नसतं, त्यामुळे समोर दिसतं तेच पाठ्यपुस्तक होतं. पण पाठ्यपुस्तक बंद कोणी केलं होतं? २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येणार होता. आपल्या मध्य प्रदेशने तो थांबवला, महाराष्ट्राने थांबवला, गुजरात-कर्नाटकानेही. संस्कृती बुडेल म्हणून. तेव्हा पहिलीत असलेली मुलं २०१६ मध्ये दहावीत पोचली, आणि त्यांच्या हातात फुकट इंटरनेट आलं.

हे मराठी माणसाला तरी नवीन नसावं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचकांच्या लाजिरवाण्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्यांच्यावर खटले भरले ते अश्लीलतेचेच. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. पिवळ्या पुस्तकांचा धंदा करणारे मात्र तेव्हाही सुखात होते. अश्लीलतेचा कायदा कोणाच्या गळ्यात पडतो हे एकदा पाहिलं, की 'आणखी कडक करा' म्हणताना माझी जीभ अडखळते.

म्हणजे सरकारने काहीच करू नये का? असं मी कुठे म्हणते! मुलांचं लैंगिक शोषण दाखवणाऱ्या चित्रणाला तर माझ्याकडे 'पण' नाहीच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ते जवळ बाळगणंही पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा ठरू शकतो असा निकाल दिला, आणि तो वाचून मला बरं वाटलं. त्याच निकालात कोर्टाने सरकारला सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा विचार करायलाही सुचवलं आहे. ते वाक्य मात्र कोणाच्या निवेदनात दिसत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत सरकारने धरायचं ते अपलोड करणाऱ्याला आणि त्यातून पैसा करणाऱ्या कंपनीला. ते जमतं. डिसेंबर २०२० मध्ये संमतीविना टाकलेल्या व्हिडिओंवरून गदारोळ झाला, व्हिसा आणि मास्टरकार्डने हात आखडता घेतला, आणि पॉर्नहब या संकेतस्थळाने ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेले सगळे व्हिडिओ उतरवले. लाखोंनी उतरले, निम्म्याहून जास्त. यादी करून अडवणाऱ्या कुठल्याही सरकारला हे साधलं नव्हतं. आपल्या २०२१ च्या नियमांतही तरतूद आली: नग्न किंवा लैंगिक चित्रणाबद्दल पीडितेने, किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार केली, की ठरल्या मुदतीत उतरवायचं; तेव्हा ती मुदत २४ तासांची होती. बनावट, जोडकाम केलेली चित्रंही त्यात येतात. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही हेच कलम लावून लिहिलं. शिवाय स्टॉपएनसीआयआय नावाची एक सोय आहे, तिथेही नोंद केली. त्यात व्हिडिओ आपल्या फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तोच व्हिडिओ ओळखून अडवतात. कुठून उतरला, कुठून नाही. आईचा पहिला प्रश्न होता, "ताई, पण आता हे कागद कुठे टाकू?" आम्ही दोघींनी ते शाळेच्या मागच्या अंगणात जाळले.

वयाच्या पडताळणीचं विचाराल, तर ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून ती सक्तीची केली. त्या आधी एकदा घोषणा करून २०१९ मध्ये गुंडाळली होती. कल्पना वाईट नाही. पण आपल्या घरात एक फोन चौघांत फिरतो, सिम बापाच्या नावावर, आधार बापाचा. यंत्र तपासून सांगेल, 'वापरणारा वय वर्षे ४४.' आणि कोणी काय बघितलं याची आधारसकट यादी उद्या फुटली, तर इंदुरात रोज किती ब्लॅकमेलचे फोन वाजतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

तर आता निवेदन. 'सरसकट बंदी' ही ओळ काढा. तिथे लिहा, की ज्याने अपलोड केलं त्याची ओळख आणि चित्रात दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती याचा पुरावा कंपनीने ठेवलाच पाहिजे. मुदतीत उतरवलं नाही तर दंड कंपनीला. तक्रार घेणाऱ्या माणसाला न्याय संहितेचं ७७वं कलम पाठ हवं, आणि छापील दृश्यं मागायची नाहीत. शेवटची ओळ, २००७ मध्ये बंद केलेला वर्ग आठवीपासून पुन्हा सुरू करा. एवढं घातलंत तर सही माझीच काय, आमच्या शाळेतल्या आणखी चार-पाच शिक्षिकांचीही आणून देते. शेवटच्या ओळीवर तुमच्या मंडळींपैकी कोणकोण सही करतं, तेवढं मात्र कळवा.